आंबिलीचा बाप्तिस्मा

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी मी तिथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला लागले. माझं गाव मुखेड तालुक्यातलं. तिथून जांबमार्गे एसटीनं यायचं तर हाडं खिळखिळी व्हायची, म्हणून खोली शोधली. खोल्या रिकाम्या पुष्कळ होत्या, पण आडनाव विचारून झालं की घरमालकाला नेमकं आठवायचं की पुढच्या आठवड्यात पुण्याचे पाहुणे यायचे आहेत. त्या वर्षी लातुरात पुण्याचे एवढे पाहुणे आले असते तर शहराला पाणीच पुरलं नसतं. शेवटी एका ख्रिस्ती विधवेनं आडनाव न विचारता किल्ली हातात दिली. "पानी जपून वापरा, बाई. बाकी काय बी करा," एवढीच तिची अट होती.

मी त्यांना मावशी म्हणू लागले. वय पन्नाशीच्या आतबाहेर, बारीक अंगाच्या, नवरा जाऊन दोन-तीन वर्षं झालेली. लग्नाआधी एका मिशनच्या दवाखान्यात आया होत्या. लग्नानंतर उदगीरकडच्या खेड्यात राहिल्या आणि दुष्काळानंतर नवऱ्याबरोबर लातुरात आल्या. मूलबाळ नाही, असं गल्लीतल्या बायकांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

गावात तेव्हा एकच विषय होता, जिल्हा. जुन्या पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून तिथं लातूर रंगवणं चाललं होतं. चहाच्या टपरीवर माणसं अशी बोलायची की जणू आता आभाळातून दूध पडणार. "जिल्हा झाला, आता पानी येतंय बगा चोवीस तास." कलेक्टर आले, त्यांची जीप आली, कचेऱ्यांना भाड्याच्या जागा मिळाल्या. नळ मात्र तालुक्याच्याच सवयीचा राहिला. मनात आलं तर यायचा.

माझ्या संशोधनाचा विषय होता प्राचीन आणि मध्ययुगीन काळातली ख्रिस्ती स्वर्गकल्पना. तो मी निवडला नव्हता. औरंगाबादच्या माझ्या सरांकडे त्या विषयाची पुस्तकं होती, दुसऱ्या कशाची नव्हती. कॉलेजातले सहकारी विचारायचे, "मॅडम, प्रत्यक्ष पाहणीला कधी निघताय?" घरी आई कपाळाला हात लावायची. आईबापांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. "आपल्यात सर्ग न्हाई, नरक न्हाई, आन् ही बसलीय सर्गाची मोजणी करत," ती शेजारणींना सांगायची. मला स्वतःला स्वर्गाशी देणंघेणं नव्हतं. अमुक शतकात लोक अमुक मानत, तमुक शतकात तमुक, एवढं लिहून पदवी मिळाली की मी सुटणार होते.

मावशींना हे कळलं आणि माझी सुटका संपली.

संध्याकाळी त्या अंगणात सुपात ज्वारी निवडत बसायच्या. मी कॉलेजातून आले की पायावर पाणी घ्यायच्या आत प्रश्न यायचा, "बाई, आज कुटवर आला सर्ग?" रोज एसटीची वाट बघावी तसा त्यांचा सूर असायचा. मग मी बाजेवर बसून त्या दिवशी वाचलेलं सांगायची. सांगताना मलाही विषय जरा समजायला लागला, हे कबूल करायला हवं.

सगळ्यात जुनी माणसं, म्हणजे अगदी पहिल्या पिढीतले ख्रिस्ती, मेल्यावर वर जायची वाट बघत नव्हती, असं मी सांगितलं. त्यांना देवाचं राज्य खाली, या जमिनीवर यायला हवं होतं. मेलेले नुसते झोपलेत, तुतारी वाजली की अंगासकट उठतील, आणि हे आपल्या हयातीतच होईल, असं त्यांना वाटायचं. मावशींनी मान हलवली. त्यांच्या नवऱ्याच्या दगडावरही 'प्रभूमध्ये झोपी गेला' असंच कोरलेलं होतं. मग तुतारी काही वाजेना. एक पिढी गेली, दुसरी गेली. त्या काळातले काही बुजुर्ग सांगायचे की देवाचं राज्य येईल तेव्हा एकेका द्राक्षवेलीला हजारो फांद्या फुटतील आणि एकेका घडाला हजारो मणी लागतील.

"आन् त्यास्नी पानी कुटलं?" मावशींनी विचारलं.

ते कुठं लिहिलेलं नव्हतं. आम्ही दोघी हसलो.

तुतारी लांबली तसा नवा प्रश्न उभा राहिला. शेवटचा दिवस येईतो मेलेल्यांनी थांबायचं कुठं? कुणी म्हणालं, मूळपुरुष अब्राहामाच्या उराशी. कुणी म्हणालं, बागेत. धर्मासाठी जीव दिलेले तेवढे थेट वर, बाकीच्यांनी वाट बघायची, असंही ठरलं. उत्तर आफ्रिकेच्या उन्हात राहणारे ख्रिस्ती आपल्या मेलेल्यांसाठी एकच गोष्ट मागायचे, गारवा. थडग्यावर खाणंपिणं ठेवायचे आणि देवाला म्हणायचे, याला गारवा दे. मावशींना हे फार आवडलं. स्वर्गातलं सोनंनाणं, मोत्यांच्या वेशी यात त्यांना कधी गोडी वाटली नव्हती. "गारवा," त्या स्वतःशी म्हणाल्या, "बरोबर हाय. आनखी काय लागतंय मान्साला?"

त्याच भागातली एक हकीकत मी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितली. एक तरुण बाळंतीण धर्मापायी तुरुंगात पडली होती. तिला तिचा लहानपणी वारलेला भाऊ स्वप्नात दिसला. अंधारी जागा, मुलगा तहानेनं व्याकूळ, समोर पाण्यानं भरलेला हौद; पण हौदाचा काठ त्याच्या डोक्याहून उंच. टाचा उंचावूनही पोहोचत नव्हता. ती रोज रडून प्रार्थना करू लागली. पुन्हा स्वप्न पडलं तेव्हा काठ खाली आला होता, मुलाच्या कमरेएवढा. तो पोटभर प्याला आणि मुलं खेळतात तसा खेळायला पळाला.

मावशींचे हात सुपात थांबले. मग म्हणाल्या, "माजी बी एक व्हती."

बहात्तरच्या दुष्काळात ती जन्मली होती. लग्नाला कितीतरी वर्षं झालेली, सगळ्यांनी आशा सोडलेली, आणि नेमकी त्या वर्षी मुलगी झाली. नवरा खडी फोडायच्या कामावर, सासू टँकरपाशी घागर घेऊन रांगेत. मुलगी आठवड्याचीही नव्हती. सकाळी तिला झटके येऊ लागले. फादर महिन्यातून एकदा यायचे, त्यांची पाळी लांब होती. पण दवाखान्यातल्या सिस्टरांनी आयांना शिकवलं होतं की लेकरू जात असेल तर फादर लागत नाही. कुणीही डोक्यावर पाणी घालावं, बापाचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घ्यावं, तो बाप्तिस्मा पक्का. मावशी उठल्या आणि घागरीकडे गेल्या. घागर पालथी होती. रांजणाच्या तळाला ओल होती, वाटी बुडेल एवढंही पाणी नव्हतं. शेजारी सगळे टँकरवर.

"गाडग्यात आंबील व्हती," मावशी म्हणाल्या. ज्वारीचं पीठ आंबवून शिजवलेली, रात्रीची उरलेली. "वरची निवळ घेतली हातात, बाई. खालचं घट्ट न्हाई घेतलं. नावं घेतली आन् टाळूवर घातली. सासू पानी घिऊन येस्तवर ती गेली व्हती."

महिन्यानं फादर आले तेव्हा मावशींनी विचारलं. ते फादर म्हातारे, नियमाचे कडक. पाणीच लागतं, त्याविना बाप्तिस्मा नाही आणि बाप्तिस्म्याविना स्वर्ग नाही, ते म्हणाले. मुलगी कब्रस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरली होती, तिथंच राहिली. पुढं ते फादर बदलून गेले, मावशी गाव सोडून लातुरात आल्या. मग त्यांनी हा प्रश्न कुणालाच विचारला नाही. विचारायला दहा वर्षांनी मी भेटले. सर्गाचं शिकलेली.

"तुमच्या बुकात बगा," त्या म्हणाल्या. "आंबिलीचा चालतो का न्हाई, एवडंच बगा. मला मेल्यावर ती भेटायची हाय का न्हाई, ते मला आत्ता कळलं पायजे."

तोवर मी स्वर्गाचा इतिहास वाचत होते. त्या दिवसापासून मी एका मुलीचा पत्ता शोधू लागले, आणि एकेक पान उलटताना भीती वाटू लागली.

पहिलाच धक्का त्या तहानलेल्या मुलानं दिला. दोनशे वर्षांनी त्याच भागात एक मोठा विद्वान बिशप झाला. त्याच्याशी कुणीतरी वाद घातला की तो मुलगा बिनबाप्तिस्म्याचा असूनही तरला ना? बिशपचं उत्तर असं की त्या मुलाचा बाप्तिस्मा नक्की झालेला असणार. झाला नसता तर तरला नसता. बाप्तिस्म्याविना गेलेल्या तान्ह्या लेकरांना शिक्षा आहेच. मात्र सगळ्यांत सौम्य. त्या बहिणीनं रडून रडून हौदाचा काठ खाली आणला होता, यानं विद्वत्तेच्या जोरावर तो पुन्हा वर नेला. मला एवढा राग आला की मी पुस्तक मिटून कॉलेजच्या ग्रंथालयातून बाहेर आले. ज्याच्यावर रागवायचं तो माणूस मरून दीड हजार वर्षं झाली होती, आणि बाहेर शिपाई विचारत होता, मॅडम, तब्येत बरी आहे ना?

पुढच्या शतकांमध्ये मात्र स्वर्गाचा जिल्हा झाला. आधी मोकळं आभाळ होतं, त्याचे आता एकावर एक थर झाले. देवदूतांच्या पायऱ्या ठरल्या, कोण कुठं बसणार ते ठरलं. धड चांगली नाहीत, धड वाईट नाहीत अशा माणसांना शुद्ध होण्यासाठी मधली जागा निघाली. बाग मागं पडली, नगर आलं, आणि शेवटी नगरही प्रकाशात विरून गेलं. देवाला समोरासमोर बघणं हेच स्वर्गाचं सुख, असं ठरलं. ते बघणं मेल्याबरोबर सुरू होतं की शेवटच्या न्यायानंतर, यावरून एका म्हाताऱ्या पोपनं असा गोंधळ घातला की मरणाच्या बिछान्यावर त्याला आपलं म्हणणं मागं घ्यावं लागलं. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बगायला मिळतंय त्यांची भांडनं हायत ही. माजीचं काय?"

त्यांच्या मुलीसारख्यांचीही सोय त्याच काळात लागली. लॅटिनमध्ये त्या जागेला जो शब्द आहे त्याचा अर्थ काठ, लुगड्याला असतो तसा. त्या काठावर लेकरांना जाळ नाही, त्रास नाही. एका थोर पंडिताच्या मते ती तिथं आनंदातही असतात, कारण आपल्याला काय मिळालं नाही हे त्यांना ठाऊकच नसतं. फक्त देव तिथं नसतो, आणि बाप्तिस्मा झालेली त्यांची माणसंही तिथं कधी येत नाहीत.

मी हे हळूहळू सांगत होते. मावशींनी एकच विचारलं, "पाजतं कोन त्यास्नी?"

आंबिलीचं उत्तरही सापडलं, आणि ते सापडलं नसतं तर बरं झालं असतं. उत्तरेकडच्या एका थंड देशात लोक अडचणीच्या वेळी पोरांना बिअरनं बाप्तिस्मा देत होते. तिथल्या आर्चबिशपनं पोपला विचारलं, पोपनं कळवलं, चालत नाही. बिअर म्हणजे तरी काय? जव आंबवलेलं पाणी. आमच्याकडं ज्वारी, त्यांच्याकडं जव. सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी उदगीरकडच्या त्या झोपडीसाठी निकाल देऊन ठेवला होता. इतक्या लांबच्या माणसांचं आणि आमचं काही मिळतंजुळतं निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि निघालं ते हे.

मी पुढं शोधत राहिले, कारण थांबले असते तर घरी जाऊन तेवढंच सांगावं लागलं असतं. मग काठावरच्या लेकरांना आनंदात मानणाऱ्या त्याच पंडिताचं म्हणणं हाती लागलं. पाण्यात दुसरं काही मिसळलं असेल, अगदी त्यात मांस शिजवलेलं असेल, तरी जोवर त्यात पाणी जास्त आहे तोवर ते पाणीच. ते दाट होऊन दुसरंच काही बनलं तर मात्र नाही. ओळखायचं दाटपणावरून. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि जवळजवळ पळत घरी गेले.

"मावशी, आंबील पातळ होती का घट्ट?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, आत गेल्या आणि चूल पेटवली.

नळ आदल्या दिवसापासून आला नव्हता. घरात प्यायचं पाणी तेवढं होतं, ते त्यांनी पातेल्यात ओतलं, पीठ कालवलं, शिजवलं आणि खाली उतरवून निवायला ठेवलं. मग हाताची ओंजळ करून वरची निवळ घेतली आणि बोटांच्या फटीतून गळू दिली. "अशी न्हवती. पातळ व्हती याच्याहून." पुन्हा पाणी घातलं. "आता लईच पातळ झाली." पुन्हा पीठ. "त्या साली पीठ बी न्हवतं घरात," त्या म्हणाल्या, "मनून पातळ असंल." मग हात थांबला. "पर पानी बी न्हवतं."

मी चुलीपाशी बसले होते. मला काहीच करता येत नव्हतं. पीठ कमी होतं की पाणी कमी होतं यावर एका मुलीचा स्वर्ग अडला होता, आणि दोन्ही गोष्टी त्या साली एकदमच संपलेल्या. मावशी ओंजळ भरत होत्या, गळू देत होत्या, डोळे मिटून हाताला आठवतं का ते बघत होत्या. "हाताला कळतंय आसं वाटतंय, आन् न्हाई कळत," त्या म्हणाल्या आणि एकदम रडू लागल्या. रडताना हात तसाच पुढं धरलेला, आंबील कोपरापर्यंत ओघळलेली. मी त्यांचा हात पुसला. तेवढं पुरेसं नव्हतं, पण दुसरं मला काय येत होतं?

दुसऱ्या दिवशी मी फादरकडं गेले. हे फादर तरुण, केरळचे. पुस्तकी मराठी बोलायचे आणि लोक हसले की स्वतःही हसायचे. माझ्याबरोबर ते घरी आले, मावशींसमोर खाली फरशीवर बसले. म्हणाले, "मावशी, ते जुने विचार होते. आता आपण अशा बालकांना देवाच्या दयेवर सोपवतो. देव दयाळू आहे."

"दया हाय, ते ठाव हाय मला," मावशी म्हणाल्या. "पोचली का ते सांगा."

फादरनं माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. एकाकडं श्रद्धा होती, दुसरीकडं पुस्तकं होती. "मला ठाऊक नाही," फादर शेवटी म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मला तो माणूस त्या क्षणी आवडला. मावशींना मात्र त्याचा काही उपयोग नव्हता.

त्यानंतर त्यांनी मला स्वर्ग कुठवर आला ते कधी विचारलं नाही. संध्याकाळी मी यायची, त्या ज्वारी निवडत असायच्या, आम्ही नळाविषयी बोलायचो. गल्लीत कुणाचा भाऊ नव्या कचेरीत लागला, कुठल्या रस्त्यावर प्लॉट पडले, हे बोलायचो. माझं लिखाण पुढं सरकत होतं. सरांनी कळवलं की बालकांविषयीचं प्रकरण फार चांगलं उतरलं आहे, त्यात आत्मीयता आहे. ते वाचून मला स्वतःची शिसारी आली.

मग एका रविवारी मावशींना ताप होता, म्हणून मी त्यांच्याबरोबर प्रार्थनाघरापर्यंत गेले. लोक आत जात होते. मावशी पायरीवर बसल्या. दम लागला असेल असं मला वाटलं. गाणं सुरू झालं तरी उठेनात. शेजारून जाणारी एक बाई मला म्हणाली, "आता कितीक रविवार झाले, त्या हितंच बसून राहिल्यात. फादरनी लई इनवलं."

देवाच्या दाराबाहेर बसणं माझ्या घराण्याला नवं नव्हतं. माझ्या आजीचं सगळं आयुष्य गावातल्या देवळाच्या पायरीखाली गेलं, आणि ज्यांनी तिला तिथं ठेवलं त्यांच्यावर मी आजही दात खाते. पण मावशींना कुणीच बाहेर ठेवलं नव्हतं. दार उघडं होतं, आतून फादर हातानं बोलवत होते.

मला राग आला. तापानं फणफणलेली बाई, उन्हातली पायरी. "मावशी, आत चला," मी म्हणाले. "आंबील पातळ असेल तुमची. ती आतच असेल."

"असंल," त्या म्हणाल्या.

"मग?"

त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि पायरीवर आपल्या शेजारी, जिथं कुणी बसलेलं नव्हतं, तिथं हात ठेवला.

"आत असली तर तिच्यापाशी देव हाय, बाई. बाहीर असली तर कोन हाय?"